मनगट बांधलं की पट सुधारतो का?

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर मी गोल्फ शिकलो. आता आठवड्यातून दोनदा पुण्यात खेळतो. लांबचे फटके वयाच्या मानानं बरे जातात, पण ग्रीनवर पोचलो की अवसान गळतं. चार-पाच फुटांवरून चेंडू होलच्या कडेनं निघून जातो. आमच्या चौकडीतल्या कर्नलसाहेबांनी नुकताच लांब दांड्याचा पटर आणलाय. त्याची मूठ ते डाव्या हाताला मनगटापासून पार कोपराजवळपर्यंत चिकटवून धरतात आणि ‘आर्म-लॉक घ्या, सगळं सरळ होईल’ असं मला रोज सांगतात. हा प्रकार नेमका काय आहे? क्लब अंगाला टेकवायला बंदी आहे ना, मग हे कसं चालतं? आणि माझ्यासारख्यानं तो घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्रश्न तीन विचारलेत, पण या तिन्हींच्या आधीचा एक राहून गेलाय : चेंडू मुळात चुकतो कशामुळे? औषध चांगलं की वाईट, हे दुखणं कळल्याशिवाय कसं ठरवायचं? म्हणून सुरुवात तिथून करू.

ज्यांनी गोल्फ फक्त टीव्हीवर पाहिलाय, त्यांच्यासाठी दोन शब्द. होलभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ म्हणजे ग्रीन, तिथं चेंडू जमिनीवरून घरंगळत न्यायचा सपाट तोंडाचा क्लब म्हणजे पटर आणि त्या फटक्याला म्हणतात पट. गोल्फचा हिशेब मोठा निष्ठुर आहे. अडीचशे यार्डांचा सणसणीत फटकाही एक आणि हातभर अंतराचा पटही एकच. त्यामुळे लांब फटक्यात कमावलेलं माणूस ग्रीनवर गमावून बसतो.

चार-पाच फुटांवरून चुकतं तरी कसं?

होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. जपमाळेत मणी जितके, तितके मिलिमीटर. हे माप १८९१ पासून पक्कं ठरलेलं आहे. चेंडूचा व्यास ४३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे होलमध्ये अडीच चेंडू शेजारी शेजारी मावावेत. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण चेंडूचा मध्य होलच्या कडेच्या आत राहायला हवा असं धरलं, तर पाच फुटांवरून डावीकडे किंवा उजवीकडे फक्त २ अंशांची सूट मिळते. दहा फुटांवर ती १ अंशावर येते. घड्याळाचा मिनिटकाटा २ अंश सरकायला २० सेकंद घेतो. पटरचं तोंड तेवढं जरी वळलं, तरी चेंडू होलला वळसा घालून पुढे जातो.

सपाट जागेवर चेंडू कोणत्या दिशेनं निघणार, हे बहुतांशी धक्क्याच्या क्षणी पटरचं तोंड कुठं वळलेलं आहे यावरच ठरतं. पटर कोणत्या रेषेत झुलला, याचा वाटा त्यामानानं लहान. तोंड वळवायला सगळ्यात सोपा सांधा म्हणजे मनगट. खांदे जड आणि संथ, ते एकदम वळत नाहीत. मनगट मात्र हलकं आणि हुशार. त्याला वाटतं, आपण मदत करतोय. ‘हा चुकता कामा नये’ असं मनात आलं की उजवा हात ऐनवेळी चेंडूला ढकलू बघतो, डावं मनगट मागे मोडतं, पटरचं तोंड फिरतं आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

हे वाढत गेलं की धक्क्याच्या क्षणी हाताला आपोआप झटका बसू लागतो. त्याला गोल्फमध्ये ‘यिप्स’ म्हणतात. हे फक्त हौशी लोकांना होतं, हा पहिला गैरसमज. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर याला यिप्सनं एकदा नव्हे, अनेकदा गाठलं. त्यानं एक विचित्र दिसणारी तोड काढली. डावा हात दांड्यावर खूप खाली धरायचा, मूठ डाव्या हाताच्या आतल्या बाजूला टेकवायची आणि उजव्या हातानं मूठ आणि डावा हात एकत्र आवळून धरायचे. बघणाऱ्याला वाटावं, याचा हात दुखतोय म्हणून दाबून धरलाय. पण या पकडीनं त्यानं १९९३ ची मास्टर्स स्पर्धा जिंकली. कर्नलसाहेबांच्या नव्या पटरची वंशावळ शोधत गेलात, तर त्यात लँगरची ती पकड भेटते.

मग आर्म-लॉक म्हणजे नेमकं काय?

उजव्या हातानं खेळणाऱ्याचं उदाहरण घेऊ. नेहमीच्या पटरची मूठ तळहातात संपते. आर्म-लॉकमध्ये ती लांब असते आणि तळहातातून वर निघून डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट ते कोपर या भागावर सपाट टेकते. दांडा आणि हात मिळून एकच सरळ काठी होते. आता मनगट मोडायचं म्हटलं, तर आधी ती काठी हातापासून सुटायला हवी. ती टेकलेली असेपर्यंत डावं मनगट मागे मोडू शकत नाही. पटर हलवायचा तर खांदे हलवावे लागतात, आणि मघाशी म्हटलं तसे खांदे संथ असतात. सगळी युक्ती एवढीच.

हाताच्या रेषेत आणायचा म्हणजे दांडा होलच्या दिशेनं थोडा पुढे झुकवावा लागतो. इथं बरेच जण फसतात. ‘लांब मूठ बसवून घेतली की माझाच जुना पटर आर्म-लॉक होईल’, हा दुसरा गैरसमज. पटरचं तोंड पूर्ण उभं नसतं, ते साधारण ३ ते ४ अंश मागे कललेलं असतं. या कलाला लॉफ्ट म्हणतात. चेंडू स्वतःच्या वजनानं गवतात किंचित रुतून बसलेला असतो. त्याला तिथून हलकेच वर काढून घरंगळत सोडायचं काम हा लॉफ्ट करतो. आता हाच दांडा तुम्ही ४ अंश पुढे झुकवला, तर लॉफ्ट शून्यावर येतो. तोंड चेंडूला वर काढण्याऐवजी जमिनीत दाबतं, चेंडू टुणकन उडतो आणि अंतराचा अंदाज कोलमडतो.

म्हणून आर्म-लॉकचा पटर मुळातच वेगळा घडवतात. नेहमीचा पटर ३३ ते ३५ इंचांचा असतो, हा बहुधा ३८ ते ४२ इंचांचा. लॉफ्ट जवळपास दुप्पट, ६-७ अंश किंवा थोडा जास्त, म्हणजे दांडा झुकवल्यावर हवा तेवढा शिल्लक उरतो. डोकंही बहुतेक वेळा जड असतं. लांबी तुमच्या उंचीवर आणि हाताच्या मापावर ठरते. मुठीचं वरचं टोक कोपराच्या खालीच थांबायला हवं. का, ते आता नियमाच्या ओघात येईलच.

बंदी होती ना?

बंदी आहे, पण ती वेगळ्या गोष्टीवर. पोटाला टेकवायचा ‘बेली पटर’ आणि छातीशी किंवा हनुवटीखाली धरायचा, झाडूइतका लांब ‘ब्रूमस्टिक’ अनेक वर्षं वापरात होते. मोठ्या स्पर्धांमध्ये त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. मग २०११ ची पीजीए चॅम्पियनशिप कीगन ब्रॅडलीनं पोटाला टेकवलेल्या पटरनं जिंकली. २०१२ ची यूएस ओपन वेब सिम्प्सननं, त्याच वर्षीची ब्रिटिश ओपन एर्नी एल्सनं आणि २०१३ ची मास्टर्स अ‍ॅडम स्कॉटनं. सहा मोठ्या स्पर्धांपैकी चार अंगाला टेकवलेल्या पटरनं जिंकल्या गेल्या, आणि याच काळात नियम करणारी मंडळी जागी झाली. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांनी मे २०१३ मध्ये निर्णय पक्का केला आणि १ जानेवारी २०१६ पासून क्लब अंगाला टेकवून फटका मारणं नियमबाह्य ठरलं.

या बंदीमागचा विचार समजला की तुमचं कोडं सुटतं. क्लब हातांनी मोकळा झुलवायचा असतो. त्याचं एक टोक पोटाशी किंवा छातीशी रोवलं, की तो झुलत नाही, बिजागरीवरच्या दारासारखा फिरतो. बंदी त्या रोवलेल्या टोकावर आहे. आर्म-लॉकमध्ये मूठ ज्या हाताला टेकते, तो हात पटरबरोबरच पुढे-मागे जातो. धडावर रोवलेलं काहीच नाही. म्हणून आजच्या नियमांतल्या १०.१ब मध्ये अंगाला टेकवायला मनाई करताना लगेच अपवाद दिलाय : हाताचा पंजा आणि मनगट ते कोपर हा भाग, इथं टेकवलं तर चालेल.

पण अपवादाला कुंपणही आहे. मूठ कोपराच्या वर, दंडाला लावून धरली तर तो गुन्हा. मूठ जागेवर असली, तरी हात धडाशी दाबून त्याचा टेकू केलात, तर तोही गुन्हा. दंड म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) २ फटके आणि मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या सामन्यात) तो होल गमावणं. झुलवताना बाही अंगाला नुसती घासली, तर काही बिघडत नाही. टेकवून धरणं आणि ओझरता स्पर्श होणं यांत नियम फरक करतो.

जाता जाता तिसरा गैरसमज : लांब पटरवरच बंदी आली. तसं नाही. ब्रूमस्टिक आजही चालतो, फक्त वरची मूठ छातीपासून सुटी धरायची. यिप्सनं वर्षानुवर्षं बेजार झालेल्या लुकास ग्लोव्हरनं २०२३ मध्ये असाच लांब पटर हातात घेतला आणि ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन आठवड्यांत दोन स्पर्धा जिंकल्या.

मोठे खेळाडू वापरतात, म्हणजे चांगलंच असणार?

वापरतात खरं. मॅट कूचरनं ही पद्धत लोकांच्या नजरेत आणली. बेली पटरवर बंदी आल्यावर वेब सिम्प्सन तिच्याकडे वळला आणि २०१८ ची प्लेअर्स चॅम्पियनशिप जिंकला. ब्रायसन डिशँबोनं २०२० ची यूएस ओपन आर्म-लॉकनंच मारली, तीही ६ फटक्यांच्या फरकानं. झँडर शॉफेलीची गोष्ट तर फारच गमतीची. त्यानं २०२१ मध्ये काही काळ आर्म-लॉक वापरून बघितला, आणि वापरत असतानाच सांगून टाकलं की यावर बंदी यायला हवी. पुढे तो जुन्या पटरकडे परतलाही.

पण नाणं उलटून बघा. विल झालाटोरिसनं आर्म-लॉक सोडून ब्रूमस्टिक धरला. आणि बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू आजही साध्या पटरनं खेळतात. आर्म-लॉक सगळ्यांना फायद्याचा असता, तर ज्यांचं पोट एका-एका पटवर चालतं त्यांनी तो केव्हाच उचलला असता. तो मनगटाचा त्रास असलेल्यांना उपयोगी पडतो. ज्यांचं मनगट गुणी आहे, त्यांचं तो काहीतरी हिरावूनही घेतो.

काय हिरावून घेतो?

अंतराचा अंदाज. पाच फुटांवर दिशा महत्त्वाची, चाळीस फुटांवर वेग. लांबच्या पटमध्ये बोटं आणि मनगट मिळून किती जोर लावायचा ते ठरवतात, जसं आपण कैरी झाडावरून खाली उभ्या असलेल्याकडे झेलायला टाकतो. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही, तो हाताला कळतो. मनगट बांधलं की ती जाण कमी होते आणि खांद्यांना नव्यानं शिकावं लागतं. पहिले काही आठवडे लांबचे पट कधी निम्म्यातच थांबतील, कधी ग्रीनबाहेर जातील. पाच फुटांवर वाचवलेला फटका चाळीस फुटांवर गेला, तर स्कोअरकार्डावर काहीच बदललं नाही.

आणि उतार? तो ओळखायचं काम डोळ्यांचं. आपल्याकडच्या उष्ण हवेत ग्रीनवर बहुधा बर्म्युडा जातीचं गवत असतं. त्याची पाती एका दिशेला झुकलेली असली, की चेंडू त्या बाजूला ओढला जातो. शिवाय पावसाळ्यात ग्रीन जड होतं आणि उन्हाळ्यात तेच घसरगुंडी. हे ओळखण्यात चूक होत असेल, तर आर्म-लॉक तुमचा चेंडू चुकीच्या रेषेवर अगदी बिनचूक पाठवेल.

दुखणं ओळखायचं कसं?

दोन चाचण्या सांगतो. खर्च शून्य.

पहिली टीची, म्हणजे चेंडू ठेवायच्या त्या छोट्या खुंटीची. सरावाच्या ग्रीनवर सपाट जागा शोधा आणि होलपासून पाच फुटांवर चेंडू ठेवा. चेंडूच्या एक फूट पुढे, होलच्या सरळ रेषेत, दोन टी रोवा. दोन्हींमधलं अंतर चेंडूच्या दीडपट ठेवा. मघाचे ते २ अंश इथं बरोबर या दोन टींमध्ये मावतात. आता वीस पट मारा. चेंडू टीला धडकला, तर दोष पटरच्या तोंडाचा. चेंडू दोन टींमधून सुटला आणि तरीही होल चुकला, तर दोष वेगाचा किंवा उतार ओळखण्याचा. वीसचा हिशेब वहीत मांडा, आणि चुकलेल्या प्रत्येकापुढे डावी की उजवी तेही लिहा. तुम्ही बँकेतले, हे तुम्हाला शिकवायला नको.

दुसरी चाचणी पट्टीची. नातवंडाच्या कंपासपेटीतली, नाहीतर दप्तरातली फूटपट्टी घ्या. डाव्या हाताच्या घड्याळाच्या पट्ट्याखालून ती अशी सरकवा, की अर्धी मनगटाच्या मागे राहील आणि अर्धी पंजाच्या पाठीवर पडेल. आता पट मारा. मनगट सरळ राहिलं, तर पट्टी पंजाला नुसती लागून असेल. मनगट मागे मोडलं, तर ती पंजाच्या पाठीत रुतेल. फसवायला जागाच नाही. हे मात्र सरावापुरतंच. सामन्यात असं काही मनगटाला बांधून खेळणं नियमात बसत नाही.

पट्टी रुतत असेल, तरी लगेच खरेदीला धावू नका. आधी फुकटचा उपाय करून बघा. साध्या पटरवरच डावा हात खाली आणि उजवा वर धरा. नेहमीच्या उलट. यात उजव्या हाताचा ढकलण्याचा जोर कमी होतो आणि डावं मनगट बऱ्यापैकी सरळ राहतं. पुष्कळांचं दुखणं एवढ्यानंच आटोक्यात येतं. महिनाभरात फरक पडला नाही, तर कर्नलसाहेबांचा पटर तासभर उसना मागा. तुमच्या उंचीत फार फरक नसेल, तर अंदाज नक्की येईल.

उसना मिळाला तर काय बघायचं?

मूठ हाताला सपाट टेकू द्या, पण आवळू नका. ‘लॉक’ या शब्दानं माणूस ताठरतो आणि ताठरलेले खांदे झुलत नाहीत, धक्के देतात. कोपर सैल ठेवा. दांडा दर वेळी तेवढाच पुढे झुकवा. आज ४ अंश आणि उद्या ७ झाला, तर लॉफ्टही दर वेळी बदलेल आणि चेंडू रोज वेगळा वागेल. आणि वीसपैकी निम्मे पट मुद्दाम तीस-चाळीस फुटांवरून मारा. जवळच्या पटवर भाळून विकत घेणं आणि नंतर लांबच्या पटवर पस्तावणं, हा क्रम नेहमीचा आहे.

आणखी एक दिलासा. आठ फुटांवरून जगातले अव्वल व्यावसायिकही साधारण निम्मेच पट आत घालतात. तेव्हा चार-पाच फुटांवरून साठीतल्या माणसाचे काही चुकले, तर तो रोग म्हणता येत नाही.

शेवटी तुमच्या पत्राकडे येतो. ते मी दोनदा वाचलं. चेंडू ‘होलच्या कडेनं निघून जातो’ असं तुम्ही लिहिलंय, पण कोणत्या कडेनं ते लिहिलेलं नाही. माझं उत्तर त्यावरच अडून बसलंय. दर वेळी एकाच बाजूनं जात असेल, तर मनगट निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. तुम्ही उभे राहतानाच पटरचं तोंड चुकीच्या दिशेला लावताय, आणि पाठीमागे उभं राहून ते कुणीही कॅडी दोन मिनिटांत सांगेल. कधी डावीकडून, कधी उजवीकडून जात असेल आणि पट्टीही रुतत असेल, तर कर्नलसाहेबांचं औषध तुमच्याच दुखण्यावरचं आहे. आणि तुम्हालाच कोणती बाजू ते आठवत नसेल, तर येत्या खेपेला पटर नंतर काढा, आधी वही काढा.